राघूने न चाखलेला पेरू

"पोरीच्या वाट्याचं समदं बापानंच बोलून टाकलं. आता ती काय बोलंल, बिचारी?" भाकरी तव्यावर टाकता टाकता पंचफुलाबाईंनी निकाल देऊन टाकला.

आरोपी दारातच बसला होता. व्यंकटी, त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्या मांडीवर अडीच वर्षांची दीपमाला, म्हणजे घरादाराची माला, बापाच्या शर्टाचं बटण पिरगाळत होती. मालाला सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं. 'चमचा आण' म्हटलं की चमचा आणायची. 'आज्जीचा चष्मा लपव' म्हटलं की लपवायची, आणि 'कुठं लपवलास?' म्हटलं की छताकडे बघत बसायची. बोलायची मात्र नाही. लातूरच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून, जीभ बघून सांगितलं होतं, "काहीही झालेलं नाही. बोलेल तिच्या सवडीनं." पण सवड नावाची चीज त्या घरात कुणाकडेच नव्हती.

व्यंकटी म्हणजे चाकूरचा आवाज. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधून तो गावोगाव फिरायचा. चादरींचा सेल, डोळ्यांचं शिबिर, नळाचं पाणी, हरवलेली म्हैस, सापडलेलं पाकीट. चाकूरला जे काही कळायचं ते व्यंकटीच्या तोंडून. एकदा एका हरवलेल्या म्हशीचं वर्णन त्याने इतका जीव ओतून केलं, की संध्याकाळपर्यंत तीन म्हशी आपणहून मालकाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक खरोखरच त्याची होती. यात पदरचं काही घातलेलं नाही. घातली असेल तर फार फार तर एखादी म्हैस.

पण याच आवाजाने व्यंकटीचा घात केला होता. माला पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा व्यंकटी आष्टामोडला मोफत नेत्रतपासणी पुकारत होता. तिला पहिला दात आला तेव्हा तो सोयाबीनच्या बियाण्यावर होता. ती रांगायला लागली तेव्हा निवडणूक होती, आणि निवडणुकीत व्यंकटी स्वतःच्या घरी पाहुण्यासारखा यायचा. पहिलं पाऊल तर दारातच हुकलं. माला उंबऱ्याला धरून उभी राहिली, तिने हात सोडला आणि दोन पावलं टाकली. व्यंकटीची बायको शिल्पा धावत बाहेर आली आणि ओरडली, "ओ! चालून राहिली! लवकर या!" व्यंकटीची रिक्षा दहा हातांवरूनच चालली होती. पण भोंगा म्हणत होता, "एकावर एक मोफत! ही संधी पुन्हा येणार नाही!" बायको हात हलवतेय हे पाहून त्यानेही हसून हात हलवला आणि तो पुढच्या गल्लीत वळला.

त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. "माला, बाबा कुठाय?" असं विचारलं की ती समोर बसलेल्या व्यंकटीकडे बघायचीसुद्धा नाही. सरळ बोट उचलायची आणि रिक्षाच्या टपावरचा भोंगा दाखवायची.

"काय बी होऊ द्या," व्यंकटी त्या दिवशी म्हणाला, "पालथी पडली, तुमी बघितली. चालली, तुमी बघितली. आता पैला शब्द मीच ऐकणार. रिक्षा बंद ठिवीन, पण ऐकीन."

"मग राघूनं उष्टावलेला पेरू आण," पंचफुलाबाई म्हणाल्या. "राघूची चोच लागलेला पेरू खाल्ला की मुकं लेकरू बी बोलतंय. तुला बी तसाच दिला व्हता."

"आन् मी बोललो?"

"एकच द्यायचा व्हता रे. तुझ्या बापानं टोपलीभर चारले. तवापासून भोगून राहिलोत."

शिल्पाने पदरात तोंड लपवून हसून घेतलं.

बाजारात पेरू होते, पण उष्टा पेरू मागितल्यावर पेरूवाल्या बाईने व्यंकटीला असं काही झापलं की भोंग्याचीही मान खाली गेली. तेव्हा तो ओढ्याकाठी शेषेराव मामांच्या बागेत पोहोचला. शेषेराव मामा हे चाकूर तालुक्यातले नामांकित थापाडे. त्यांच्या बागेतल्या एका पेरूत म्हणे एकदा सशाची जोडी राहत होती.

"राघू?" मामा खाटेवर उठून बसले. "तीन साल झाले, व्यंकटी. राघू सोड, राघूचं पीस दिसलं न्हाई."

"कामून?"

"कामून म्हंजे? तूच पळवलास की!"

आणि तेवढ्यात शेजारच्या ज्वारीतून आवाज आला, "हाऽऽ! हाऽऽ! हुर्रऽऽ! ए चल! नीघ!"

व्यंकटीने कपाळावर हात मारला. तो आवाज त्याचाच होता. तीन वर्षांपूर्वी याच मामांनी त्याला विनवलं होतं, की बाबा रे, गोफण फिरवून खांदा गेला, तुझ्या आवाजात पाखरं हुसकायची एक हाळी भरून दे. व्यंकटीने अशी काही हाळी भरून दिली, की पहिल्या दिवशी राघूंबरोबर मामांचा कुत्राही निघून गेला. मग ती हाळी शेजारच्या शेतातल्या भीमाशंकरने घेतली, त्याच्याकडून साडूने घेतली, साडूकडून आख्ख्या शिवाराने. आता प्रत्येक बांधावर बॅटरीवरचा एकेक स्पीकर होता आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चोहोबाजूंनी एकटा व्यंकटी ओरडत होता. चाकूरचे राघू कुठे गेले हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मामांच्या मते ते रेल्वेने गेले.

"मग आता इलाज?"

"सोपा हाय. तू गप बसायचंस." मामांनी बोटावर मोजलं. "हितला तू, भीमाशंकरच्या बांधावरला तू, ओढ्यापल्याडला तू. समदे व्यंकटी एक दिवस बंद ठिवले, तर राघू येतील. न्हाई तर पोरीला कबुतराचं उष्टं चार."

दोन दिवस व्यंकटी बांध तुडवत फिरला. सगळे कबूल झाले, एक भीमाशंकर सोडून. त्याची ज्वारी हुरड्याला आली होती.

"बंद करतो की, व्यंकटराव. पण माज्या ज्वारीत पाखरू पडलं तर?"

"मी स्वतः यीन हुसकायला."

"ओरडून?"

"ओरडून."

"मग तुजा राघू बसंल का पळंल?"

शेवटी भीमाशंकरच्या मुलीच्या लग्नात तीन दिवस फुकट भोंगा, या बोलीवर एका दिवसाची शांतता मिळाली.

ठरल्या दिवशी सकाळी व्यंकटी मालाला कडेवर घेऊन बागेत गेला. त्या दिवशी एका साडीच्या दुकानाचा 'आज शेवटचा दिवस' होता. दुकानदाराला त्याने सांगून टाकलं, "शेवटचा दिवस उद्या ठिवा. तुमचा काय, दर महिन्याला येतोय."

शेषेराव मामा खाटेवर गोधडी घेऊन सज्जच होते. "राघूला मानसाचा आवाज लई लांबून कळतोय बरं. एकदा मी मनातल्या मनात शिवी दिली, तर उडाला."

"मामा, तुमी बी गप बसा की."

"मी गपच हाय. तूच बोलून राहिलास."

"मी कुठं बोललो? मी म्हनलं की तुमी..."

मामांनी बोटाने खूण केली. व्यंकटीला कळलं की हे आपल्याने होणार नाही. त्याने गळ्यातला मोठा रुमाल काढला, तोंडावर करकचून बांधला आणि मागे दुहेरी गाठ मारली. मग भरल्या पेरूच्या झाडाखाली तो मांडी घालून बसला.

भीमाशंकरचा स्पीकर अजून चालू होता. "हाऽऽ! हाऽऽ! हुर्रऽऽ! ए चल! नीघ!" मालाचा चेहरा उजळला. तिने त्या दिशेला बोट केलं, म्हणजे बाबा तिकडे. मग कुणीतरी बटण बंद केलं आणि आवाज मधेच तुटला. माला बोट तसंच धरून बघत राहिली. बाबा गेला. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि वळून मागे बसलेल्या या तोंड बांधलेल्या माणसाकडे पाहिलं. जवळ येऊन तिने रुमालावर हात ठेवला. चाचपला. जणू याचं बटण कुठे आहे ते शोधत होती.

त्यानंतर बागेत जी शांतता पसरली तिची व्यंकटीला ओळखच नव्हती. आपल्या आवाजाशिवायचं चाकूर त्याने आजवर ऐकलेलंच नव्हतं. तुरीच्या वाळत्या शेंगा वाऱ्याने एकमेकींशी काहीतरी बोलत होत्या. ठिबकच्या नळीतून थेंब पडत होता. एक पडला की दुसरा पडेपर्यंत केवढा तरी वेळ जात होता. लांब हायवेवर एसटी गेली, तीही हळू आवाजात. मामा गोधडीत घोरू लागले, पण त्यांचं घोरणंसुद्धा खरं वाटत नव्हतं.

आणि या सगळ्यात मालाचा एक बारीक आवाज होता. शब्द नव्हता, श्वासाबरोबर येणारी गुणगुण. ती खाली पडलेली पेरूची पानं गोळा करायची आणि बापाच्या गुडघ्यावर एकेक मांडायची. वाऱ्याने उडालं की पुन्हा मांडायची. हे घरी रोजच करत असेल का? व्यंकटीला ठाऊक नव्हतं. दवाखान्यातून आणली तेव्हा ती त्याच्या कोपरापासून तळहातापर्यंत मावत होती. तळव्यावर डोकं, कोपराशी टाचा. त्याने हळूच हात पुढे करून मापून पाहिलं. आता त्या मापात तिचा एक पायही धड बसेना. गेल्या संक्रांतीला घोट्यापर्यंत येणारं झबलं गुडघ्याच्या वर चढलं होतं. चप्पल पुढून आखूड झाली होती आणि अंगठा बाहेर डोकावून जग बघत होता.

ही एवढी झाली कधी? त्याला वाटलं, पोरं वाढतात ती आपली पाठ फिरल्यावरच. नजर न हलवता समोर बघत बसलं, तर ती तेवढीच राहत असतील. म्हणून तो तिच्याकडे बघत राहिला. ऊन पानांतून गळत होतं, तिच्या केसांवर ठिपके हलत होते. बघता बघता त्याची पापणी जड झाली. त्याला दिसलं, की माला दप्तर घेऊन चालली आहे. मग तीच माला लातूरच्या एसटीच्या खिडकीत बसली आहे, कॉलेजला निघाली आहे, खिडकीतून काहीतरी सांगते आहे, आणि हा फलाटावर उभा आहे आणि टपावरचा भोंगा इतका ओरडतो आहे की तिचं एक अक्षर ऐकू येत नाही. 'ही संधी पुन्हा येणार नाही,' भोंगा म्हणत होता. एसटी हलली.

तो दचकून जागा झाला. समोरच्या फांदीवर राघू बसला होता.

नुसता हिरवा नव्हे. असा हिरवा, की त्याच्यापुढे झाड मळकं दिसावं. तीन वर्षांनी परत आल्याने तो जरा संकोचलेला होता. एक डोळा व्यंकटीवर ठेवून तो फांदीवरून सरकला. त्याच्या मागे दुसरा उतरला, मग चार, मग वीस. झाड राघूंनी वाकलं. पहिल्या राघूने एक पिकला पेरू निवडला, पंजाने धरला, मान तिरकी केली. चोच उघडली. पेरू आणि चोच यांच्यात आता फक्त सुपारीएवढं अंतर होतं.

त्याच वेळी माला उठून उभी राहिली. तिने डावा हात कानावर ठेवला, अगदी व्यंकटी ठेवतो तसा. उजवी मूठ तोंडापुढे धरली, माईक धरतात तशी. गाल फुगवले.

"हाऽऽ! हाऽऽ! हुल्लऽऽ! ए तल! नीग!"

झाडावरून एकदम हिरवा धूर उठला. मामा खाटेवरून खाली पडले. शेजारच्या ज्वारीतली पाखरंही उडाली. पेरू राघूच्या पंजातून सुटला, पानांवरून टप्पे घेत खाली आला आणि मालाच्या पायाशी थांबला. तिने तो उचलला, झबल्याला पुसला, आणि कचकन चावा घेतला.

व्यंकटी उठला, बसला, परत उठला. त्याला ओरडायचं होतं. गाव गोळा करायचं होतं. पण रुमालाची दुहेरी गाठ ओढून ओढून इतकी घट्ट झाली की सुटता सुटेना. चाकूरचा आवाज रुमालाआड 'म्म म्म म्म' करत रडत होता की हसत होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. माला पेरू खात त्याच्याकडे बघत होती. मग तिने चिकट बोट उचललं. ते गावात राहिलेल्या भोंग्याकडे गेलं नाही, भीमाशंकरच्या बांधाकडेही गेलं नाही. ते थेट त्याच्या छातीला लागलं आणि तिथेच राहिलं.

घरी पोहोचेपर्यंत गाठ सुटली होती.

"माय! शिल्पे! बोलली! माला बोलली!"

पंचफुलाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "काय बोलली?"

"हाऽऽ हाऽऽ हुल्ल, ए तल, नीग!"

सासू आणि सून दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बोल गं माला," पंचफुलाबाई म्हणाल्या. "बोल. आज्जी म्हन."

माला पेरूचा शेवटचा घास चघळत छताकडे बघत राहिली.

"राघूनं उष्टावला व्हता का पेरू?"

"न्हाई, माय. उष्टावायच्या आतच हिनं राघूला पळवलं."

"म्हंजे इलाज झालाच न्हाई!" पंचफुलाबाईंनी हात झटकले. "उष्टा पेरू खाल्लाच न्हाई तर बोलंल कशी? तू ओरडला असशील सवयीनं."

"माज्या तोंडाला रुमाल व्हता! दिवसभर गप बसलो मी!"

"तुमी? दिवसभर?" शिल्पा म्हणाली. "पोरगी बोलली यावर येक वेळ इस्वास ठिवीन. पण यावर न्हाई."

ज्या माणसाने 'उद्या पाणी' म्हटलं की सगळा गाव हंडे घेऊन उठायचा, त्याच्यावर घरातली दोन माणसं विश्वास ठेवेनात. "साक्षीदार हाय!" तो शेवटी म्हणाला. "शेषेराव मामानं ऐकलंय!"

मामा लंगडत, कंबर धरत दारात आलेच होते. त्यांनी खाकरून सुरुवात केली. "पंचफुलाबाई, ह्या कानानं ऐकलं. पोरगी काय बोलली, वा! आधी राघूला नमस्कार घातला. मग दहा मिनटं भाषण दिलं. राघूला म्हनली, तुमी आमच्या शिवाराचं लई नुकसान केलं, आता कायद्यानं वागा. समदे राघू मान हलवून राहिले. येक म्हातारा राघू तर रडला. मी खाटंवरून पडलो ते..."

"मामा," व्यंकटी हात जोडून म्हणाला, "बसा. चहा घ्या."

खटला तिथेच निकाली निघाला. पंचफुलाबाई हसत हसत आत गेल्या. शिल्पाने मामांना चहा दिला, आणि व्यंकटीकडे असं पाहिलं, की फार इच्छा आहे विश्वास ठेवायची, पण पुरावा आणा.

दिवस कलला. मामा गेले. व्यंकटी मालाला मांडीवर घेऊन दारातल्या रिक्षात बसला. हातात माईक होता. साऱ्या चाकूरच्या बातम्या या माईकमधून गेल्या, त्याच्या स्वतःच्या घरची एकही गेली नव्हती. आज होती. आणि ऐकायला गाव तयार होतं. त्याचा अंगठा बटणावर आला.

तेवढ्यात आभाळातून राघूंचा थवा गेला. ओढ्याकडेच निघाला होता. तीन वर्षांनी मुक्कामाला. मालाने मान वर केली. गाल थोडेसे फुगवले आणि अगदी हळू, गुपित सांगितल्यासारखं, ती म्हणाली, "हाऽऽ हाऽऽ. हुल्ल."

व्यंकटीने झटकन घराकडे पाहिलं. दहा हातांवर त्याची माय भाकरी थापत होती, शिल्पा लसूण सोलत होती. एक हाक मारली असती तर दोघी धावत आल्या असत्या. पुरावा मांडीवर बसलेला होता, चालू होता. त्याने हाक मारायला तोंड उघडलं.

मग त्याला वाटलं, पालथं पडणं त्यांचं. दात त्यांचा. रांगणं त्यांचं, पाऊल त्यांचं. उद्या-परवा ती 'आज्जी' म्हणेल, 'आई' म्हणेल, तेही त्यांचंच. त्याने माईकची वायर काढली आणि गुंडाळून सीटखाली ठेवली.

"हाऽऽ हाऽऽ," तो तिच्या कानात कुजबुजला.

"हुल्ल," माला त्याच्या कानात कुजबुजली. तिच्या तोंडाला अजून पेरूचा वास होता.

"ए चल," तो म्हणाला.

"नीग!" माला जरा मोठ्यानेच म्हणाली.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. "कोन बोललं रं?" पंचफुलाबाईंची हाक आली. "मालाचा आवाज आल्यावानी झाला!"

व्यंकटीने मालाकडे पाहिलं. माला रिक्षाच्या छताकडे बघत होती.

"कोन न्हाई, माय," तो म्हणाला. "मीच."

"वाटलंच मला," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि भाकरी पुन्हा परातीत गरगरू लागली. "जरा तोंड मीट, बाबा. त्या पोरीला बोलू दे की कवातरी."